सोन्याचं राहू द्या, कुषाणांचं तांबं बघा

ताम्रपट:

कुषाण नाण्यांचा विषय निघाला की गाडी थेट सोन्यावर जाते. विम कडफिसेस राजाचे दिनार, कनिष्क राजाच्या नाण्यावरचा बुद्ध, लिलावातले आकडे. तांब्याच्या नाण्यांना प्रदर्शनात खालचा कप्पा मिळतो आणि पुस्तकात शेवटचं पान. हे मला फार दिवस सलतंय, म्हणून हा धागा.

घोड्यांवर जगणारी एक टोळी राज्यकर्ती कशी झाली, याचा पुरावा सोन्यात नाही. सोनं आलं तेव्हा सगळं घडून गेलं होतं. त्याआधीची दोनशेहून जास्त वर्षं आहेत ती हलक्या चांदीत, ब्राँझमध्ये आणि तांब्यात.

थोडक्यात पार्श्वभूमी. कुषाण हे युएची लोकांपैकी. युएची मूळचे चीनच्या गान्सू भागातले. इ.स.पू. १७६ च्या सुमारास श्योंग्नू नावाच्या दुसऱ्या भटक्या लोकांनी त्यांना तिथून हुसकावलं. आधी इली नदीचं खोरं, तिथूनही पाय काढावा लागला, मग पार मध्य आशियातल्या आमू दर्या नदीपर्यंत. इ.स.पू. १२८ च्या सुमारास चीनचा दूत झांग छियान त्यांना गाठायला आला. श्योंग्नूंविरुद्ध युती करू, असा प्रस्ताव होता. युएचींनी मनावर घेतलं नाही. जमीन सुपीक मिळाली होती, लुटारूंचा त्रास कमी होता, जुनं वैर उकरून काढायची त्यांना गरज वाटली नाही. याच प्रवासातून चीनला पश्चिमेच्या नाण्यांची माहिती झाली. पार्थियात, म्हणजे इराणकडच्या राज्यात, चांदीच्या नाण्यावर राजाचा चेहरा असतो आणि राजा मेला की चेहरा बदलतात, अशी नोंद चिनी इतिहासात आहे. चिनी माणसाला ते नवल वाटणं साहजिक होतं, त्यांच्या नाण्यावर चेहरा नसतोच.

आता मुद्द्याचं. युएचींना आमू दर्याकाठचा बॅक्ट्रिया हा मुलूख मिळाला तो ग्रीक राजांच्या शंभरेक वर्षांच्या राजवटीनंतर. बाजारपेठांना राजाच्या चेहऱ्याच्या नाण्याची सवय होती. नव्या मालकांकडे नाणं नव्हतं. मग काय केलं? शेवटचा ग्रीक राजा हेलिओक्लीस, त्याचंच नाणं पाडत राहिले. सुरुवातीच्या नकला चांदीच्या आहेत. हळूहळू चांदी उतरत जाते आणि शेवटी निखळ ब्राँझ उरतं. ग्रीक अक्षरं आधी वाकडी होतात, मग अर्थच हरवतो, नुसत्या रेघा राहतात. ठसा कोरणाऱ्याला ग्रीक येत नव्हतं हे उघड दिसतं. मागच्या बाजूला वज्र घेतलेला झ्यूस उभा असायचा. काही नाण्यांवर झ्यूसच्या जागी एक पाय उचलून चालणारा घोडा येतो. राजाचं नाव अजून ग्रीकच, पण देव गेला आणि घोडा आला. टोळीचं स्वतःचं म्हणणं पहिल्यांदा उमटतं ते इथे.

हिंदुकुशच्या दक्षिणेला, काबूल आणि बेग्रामच्या बाजूला, हेच हर्मायस राजाच्या बाबतीत झालं. हा तिथला शेवटचा ग्रीक राजा, साधारण इ.स.पू. ९० ते ७०. तो गेल्यावरही त्याच्या नावाने नाणी पडत राहिली, शंभरेक वर्षं. चांदीची तांब्यावर आली. मग एक जबरदस्त नाणं येतं. पुढे हर्मायसचा चेहरा आणि ग्रीकमध्ये त्याचं नाव. मागे गदा आणि सिंहाचं कातडं घेतलेला हेराक्लीस, आणि भोवती खरोष्ठीत, म्हणजे वायव्येकडच्या जुन्या लिपीत, लेख: ‘कुजुल कसस कुषण यवुगस ध्रमठिदस’. कुजुल, कुषाणांचा यवुगु, धर्मात स्थिर असलेला. यवुगु म्हणजे टोळीप्रमुख. एका बाजूला मेलेला ग्रीक राजा, दुसऱ्या बाजूला जिवंत टोळीप्रमुख. या नाण्यामुळे पूर्वी अभ्यासक समजायचे की दोघांनी मिळून राज्य केलं. ते आता कुणी मानत नाही, मधे शतकभराचं अंतर आहे.

कुजुल कडफिसेस मोठा माणूस. युएचींच्या पाच गटांपैकी एकाचा हा प्रमुख, बाकीचे चार त्याने मोडले, काबूल घेतलं. ऐंशी ओलांडून वारला असं चिनी इतिहास सांगतो. त्याची नाणी जवळजवळ सगळी तांब्याची, आणि प्रत्येक प्रांतात वेगळी. काबूलकडे हर्मायसचा प्रकार. दुसरीकडे रोमन सम्राट ऑगस्टससारखं डोकं, मागे खुर्चीवर बसलेला राजा. काश्मीर-जम्मूकडे एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला दोन वशिंडांचा उंट. जिथे जे चालत होतं तेच पाडायचं, नाव मात्र आपलं. जिंकलेल्या मुलखाच्या व्यवहाराला धक्का लावायचा नाही, हे धोरण त्यात स्पष्ट दिसतं.

मग येतो ‘सोटर मेगास’, म्हणजे ग्रीकमध्ये ‘महान त्राता’. माझं सगळ्यात आवडतं नाणं. माझ्याकडचं एक समोर ठेवून लिहितोय. वजन साडेआठ ग्रॅमच्या जवळ, रंग काळपट हिरवा. पुढे राजाचं अर्धचित्र, डोक्याभोवती किरणं, हातात बाण. डोक्यामागे तीन दातांची एक खूण, म्हणजे तमगा. घोड्यांना डाग देतात तशी घराण्याची खूण. उलटवलं की घोडेस्वार, हातात छोटी कुऱ्हाड, डोक्याला बांधलेल्या फितीची टोकं मागे उडताहेत. स्वाराच्या पुढ्यात पुन्हा तमगा. भोवती चौकोनी वळणाची ग्रीक अक्षरं: राजांचा राजा, महान त्राता. माझ्या नाण्यावर ठसा जरा वर सरकलाय, घोड्याचे खूर कडेबाहेर गेलेत, पण फिती दोन्ही शाबूत आहेत.

राजाचं नाव नाही. कुठेच नाही. नुसती पदवी.

हे नाणं आमू दर्याच्या उत्तरेपासून मथुरेपर्यंत सापडतं. पूर्ण नाणं साडेआठ ग्रॅमच्या आसपास, पाव नाणं दोनाच्या किंचित वर. कुजुलच्या काळात प्रांतागणिक वेगळी असलेली नाणी इथे एक झाली. एवढ्या मुलखात एकच चित्र, एकच वजन चालवायचं तर ठसे, धातू, कारागीर आणि तपासनीस लागतात, हुकूम ऐकणारी यंत्रणा लागते. माझ्या मते कुषाण साम्राज्य सुरू होतं ते या नाण्यापासून, विमच्या सोन्यापासून नाही.

त्यानंतर विम कडफिसेस. त्याने सोनं आणलं आणि त्याच वेळी सतरा ग्रॅमच्या जवळ जाणारं तांब्याचं जाडजूड नाणंही. राजा उभा, अंगात जड कोट, पायात बूट, छोट्या वेदीवर आहुती देतोय, बाजूला त्रिशूळ आणि गदा. मागे नंदीसमोर उभा शिव. कनिष्काने वेदी आणि कोट तसाच ठेवला, पण भाषा बदलली. आधी ग्रीक लेख, मग ग्रीक लिपीतच बॅक्ट्रियन: ‘शाओ कनेष्कि’, राजा कनिष्क. मागे देवांची रांगच. सूर्य मिइरो, चंद्र माओ, अग्नी अथ्शो, देवी नना, चार हातांचा ओएशो. आणि वाऱ्याचा देव ओआदो, दाढीवाला, दोन्ही हातांनी वस्त्र धरून पळतोय. तांब्यावरचा ओआदो नक्की बघा. एवढ्याशा जागेत धावणं दाखवायला हात बसलेला लागतो.

मथुरेच्या संग्रहालयातला कनिष्काचा डोकं नसलेला पुतळा ज्यांनी पाहिलाय त्यांना हा कोट आणि हे बूट लगेच ओळखू येतील. उत्तर भारताच्या उन्हात हा पोशाख कुणी सोयीसाठी घालणार नाही. आपण गवताळ प्रदेशातून आलोय, हे त्यांना दाखवायचं होतं.

चर्चा व्हावी. फोटो हळूहळू टाकतो.


रानजाई:

वाचनखूण साठवली आहे. इतक्या ओघात लिहिलंय की मधे थांबावंसं वाटलं नाही. एक शंका. तुम्ही कधी ब्राँझ म्हणता, कधी तांबं. दोन्ही एकच का? संग्रहालयात पाट्यांवरही असाच घोळ असतो.


ताम्रपट:

ताई, चांगलं विचारलंत. ब्राँझ म्हणजे तांब्यात कथील, कधी शिसंही. नुसत्या डोळ्यांनी वरच्या किटणाखाली काय आहे ते ठरवता येत नाही, म्हणून इंग्रजी पुस्तकांत सरसकट ‘ब्राँझ’ लिहायची पद्धत पडली. हेलिओक्लीसच्या शेवटच्या नकलांना ब्राँझ म्हणतात. कुषाणांची मोठी नाणी मात्र बहुतांशी तांब्याचीच, त्यात इतर धातू थोडा. म्हणून मी तांबं म्हणतो.

याच बॅक्ट्रियात इ.स.पू. दुसऱ्या शतकात दुसरा युथिडेमस, पँटालिऑन, अगाथोक्लीस या ग्रीक राजांनी तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाची नाणी पाडली होती. निकेलचा शोध युरोपात अठराव्या शतकात लागला. धातूच्या बाबतीत हा मुलूख मुळातच पुढारलेला, युएचींना हातखंडा कारागीर आयते मिळाले.


गोदाकाठ:

लेख आवडला. नाशिककर म्हणून राहवत नाही. कुषाणांचं राज्य दख्खनमध्ये कधी नव्हतं, पण त्याच गवताळ प्रदेशातून आलेले शक आपल्याकडे होते. क्षहरात घराण्याचा भूमक, त्याची तांब्याची नाणी गुजरात-माळव्याकडे मिळतात. एका बाजूला बाण आणि वज्र, दुसऱ्या बाजूला सिंहस्तंभ आणि चक्र, लेख ब्राह्मी आणि खरोष्ठी दोन्ही. बाण बघा, तुमच्या सोटर मेगासच्या हातातही बाणच आहे.

त्यानंतरचा नहपान आपल्या ओळखीचा. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला त्याच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलाय. नहपानाचा चेहरा खाली, वर सातवाहनांचा चैत्य आणि उज्जैन चिन्ह. नहपानाचा जावई उषवदात, त्याचा लेख पांडवलेण्यात आहे. त्यात विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण नाणी ठेव म्हणून ठेवल्याचं आणि व्याजाचा दर, सगळं लिहिलंय. पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण हा भावही त्यात दिलाय. तो सुवर्ण म्हणजे कुषाणांचं सोन्याचं नाणं असावं असं काही अभ्यासकांचं मत, त्यावर वाद आहे. पण शक सत्तेत नाण्याचा हिशेब किती काटेकोर होता ते कळतं.

नाशिकला येणाऱ्यांनी अंजनेरीचं नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालयही पाहावं.


सरळरेषा:

मेहनत दिसते, पण एक आक्षेप नोंदवतो. तुम्हीच सांगता की हेलिओक्लीसची नक्कल, हर्मायसची नक्कल, ऑगस्टसची नक्कल. शकांचंही तेच. माउएसच्या तांब्यावर हत्तीचं डोकं आहे, ते ग्रीक राजा डेमेट्रियसकडून जसंच्या तसं उचललंय. म्हणजे नाणं, लिपी, देव, सगळं उसनं. यात भटक्यांचं स्वतःचं काय? ग्रीक टांकसाळीच मालक बदलून चालू राहिल्या, इतकंच म्हणता येईल.


उत्तरवाट:

@सरळरेषा, टांकसाळी चालू राहिल्या हे मान्य. पण काय ठेवायचं आणि काय बदलायचं हे मालकानेच ठरवलं ना. सुरुवातीच्या कुषाणांपैकी हेराओसचं नाणं घ्या. ते चांदीचं आहे, धाग्याच्या विषयाबाहेर, पण चेहरा बघण्यासारखा. मिशा, बांधून लांबट केलेलं डोकं, वर फीत. ग्रीक राजाचा चेहरा नाहीच तो. ‘कुषाण’ हा शब्द नाण्यावर पहिल्यांदा येतो तो याच्यावर. आणि नेमके असेच चेहरे उझबेकिस्तानात सुरखान दर्याच्या खोऱ्यात खालचायान इथे मातीच्या मूर्तींमध्ये मिळाले. पुगाचेंकोवा बाईंनी १९५९ पासून ते उत्खनन केलं. नाणेतज्ज्ञ जो क्रिब यांचं म्हणणं, हेराओस म्हणजेच कुजुल. सगळ्यांना पटलेलं नाही, पण पटण्याजोगी कारणं आहेत.

ताम्रपट, तुमच्या एका वाक्याबद्दल थोडं जोडतो. सोटर मेगास कोण, यावर दोन बाजू आहेत. १९९३ मध्ये अफगाणिस्तानात रबाटकचा शिलालेख मिळाला. निकोलस सिम्स-विल्यम्स यांनी तो वाचला. कनिष्क त्यात आपले पूर्वज सांगतो: पणजोबा कुजुल, आजोबा विम तक्तु, वडील विम कडफिसेस. त्याआधी विम तक्तु कुणाला धड माहीत नव्हता. मग बऱ्याच जणांनी म्हटलं, बिननावाचा राजा हाच. एका प्रकारावर चेहऱ्यासमोर खरोष्ठी ‘वि’ आहे, त्याचाही आधार घेतात. पण दुसरे नाणेतज्ज्ञ ओस्मंड बोपेआराच्ची यांच्या मते सोटर मेगास हा सत्ता बळकावलेला कुणी वेगळाच, म्हणून नाव टाळलं. मला पहिली बाजू जास्त पटते. बळकावणाऱ्याला एवढ्या मोठ्या मुलखात वजन आणि चित्र एक करायला निवांतपणा कुठून मिळणार?


ताम्रपट:

उत्तरवाट, ‘वि’च्या बाबतीत सहमत. मीही विम तक्तुच मानतो, वाद मिटलेला नाही हे मात्र खरं.

सरळरेषा, तुमच्या आक्षेपाला खोतानचं उदाहरण देतो. आजच्या शिनजियांगमधलं ओअॅसिस राज्य, कुषाणांचा शेजारी. इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकात त्यांनी तांब्याची नाणी पाडली. एका बाजूला घोडा किंवा उंट आणि खरोष्ठीत ‘महाराज राजातिराज’ अशी पदवी. दुसऱ्या बाजूला चिनी अक्षरांत वजन: सहा झू, किंवा चोवीस झूचं तांब्याचं नाणं. झू हे हान चीनचं वजन. सहा झूचं नाणं द्राख्मा या ग्रीक नाण्याशी जुळतं, चोवीसचं चार द्राख्मांशी. पश्चिमेकडून आलेल्या व्यापाऱ्याने घोड्याची बाजू बघायची, पूर्वेकडच्याने अक्षरांची, आणि दोघांचा हिशेब जमायचा. याला उसनवारी म्हणा हवं तर. मला तरी यात पूर्ण विचार केलेली योजना दिसते.

आणि कनिष्काचे देव बघा. ग्रीक हेलिओस, सेलेनी अशी नावं त्याने काढली आणि मिइरो, माओ लिहिलं. रबाटकच्या लेखातही ग्रीकमधला हुकूम आर्य भाषेत, म्हणजे बॅक्ट्रियनमध्ये, केल्याचा उल्लेख आहे. नाणं आणि शिलालेख एकच गोष्ट सांगतात. अशी साक्ष जुळणं दुर्मीळ.


सरळरेषा:

खोतानचं मुळीच माहीत नव्हतं. वजनाचा मुद्दा वजनदार आहे. पण मूळ म्हणणं सोडत नाही, नाण्यावर राजाचा चेहरा ही कल्पना ग्रीकांचीच.


निशिगंध७:

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, फक्त वाचक. माझी मुलगी किर्गिझस्तानात बिश्केकला एमबीबीएस करते. सुट्टीत मैत्रिणींबरोबर बुराना मनोऱ्याला गेली होती, तिथल्या छोट्या संग्रहालयात भोकाच्या नाण्यांचे फोटो काढले. मधे चौकोनी भोक, मला चिनी वाटली. पण अक्षरं चिनी नाहीत, आडवीतिडवी लपेटदार आहेत. हीसुद्धा भटक्यांचीच का?


उत्तरवाट:

हो ताई, तुर्गेशांची असणार, आणि तुमच्या मुलीने त्यांच्या अंगणात उभं राहून बघितली! तुर्गेश म्हणजे पश्चिमेकडचे तुर्क, आठव्या शतकात चू नदीच्या खोऱ्यात त्यांची सत्ता. राजधानी सुयाब, म्हणजे आजचं अक-बेशिम, बुरानापासून जवळच, तोकमोक गावापाशी. सुयाबला ६३० च्या सुमारास ह्युएनत्संग थांबला होता. तो तुर्गेशांच्या आधीचा काळ. २०१४ पासून बुराना आणि अक-बेशिम दोन्ही युनेस्कोच्या यादीत आहेत, रेशीम मार्गाचा भाग म्हणून.

कुषाण नाण्यांपेक्षा हे प्रकरण निराळं. कुषाण नाणं ठशांमध्ये धरून हातोड्याने पाडलेलं, तुर्गेश नाणं साच्यात ओतलेलं ब्राँझ. आकार तांग चीनच्या ६२१ सालापासूनच्या नाण्याचा, मधलं चौकोनी भोक दोरीत ओवायला. अक्षरं सोग्दियन, म्हणजे समरकंद-बुखाराकडच्या व्यापाऱ्यांची लिपी. लेखाचा अर्थ साधारण ‘देव तुर्गेश खाकानचं नाणं’, खाकान म्हणजे राजा. मागच्या बाजूला धनुष्यासारखा तमगा. ओल्गा स्मिर्नोवा यांनी या नाण्यांवर आयुष्यभर काम केलं. आकार चीनचा, लिपी सोग्दियन, तमगा तुर्कांचा. सुलुक खाकानच्या काळात (७१६ ते ७३८) ही सत्ता जोरात होती, अरबांना त्याने चांगलंच झुंजवलं.

मुलीला सांगा, मागची बाजू दिसत असेल तर धनुष्य शोध.


निशिगंध७:

आहे! एका फोटोत उलटं ठेवलेलं आहे, त्यात धनुष्य स्पष्ट दिसतंय. तिला आत्ताच कळवलं. मनापासून आभार.


मुंबईबाहेर:

तांब्याच्या नाण्यांनी आणखी एक मोठं काम केलंय ते कुणी लिहिलं नाही. खरोष्ठी वाचता आली ती यांच्यामुळे.

चार्ल्स मॅसन नावाने वावरणारा एक माणूस, खरा जेम्स लुइस, कंपनीच्या तोफखान्यातून १८२७ मध्ये पळालेला. १८३३ पासून बेग्रामच्या माळावर त्याने नाणी गोळा केली, हजारोंनी, बहुतेक तांब्याची. त्याच्या शोधकामाला पैसे दिले कंपनीच्या मुंबई सरकारने. मॅसनच्या लक्षात आलं की दोन लिप्यांच्या नाण्यांवर मिनँडर, अपोलोडोटस, हर्मायस ही ग्रीक राजांची नावं आणि राजा, त्राता या पदव्या जिथे ग्रीकमध्ये येतात, तिथे मागच्या बाजूला ठरावीक अक्षरं येतात. ही माहिती त्याने जुन्या लिप्यांचा अभ्यासक जेम्स प्रिन्सेपला कळवली आणि तिथून खरोष्ठी उलगडत गेली. सोन्याच्या मोजक्या नाण्यांवर हे जमलं नसतं. एकाच लेखाच्या शेकडो प्रती हव्यात, एकावर झिजलेलं अक्षर दुसऱ्यावर शाबूत मिळतं. ते तांब्यातच मिळू शकतं.


ताम्रपट:

हे मूळ लेखात यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. धन्यवाद.


पाटीलवाडा:

काका, आजोबांच्या पेटीत तांब्याची सात-आठ जाड नाणी आहेत. वर काळंहिरवं चढलंय, एकावर माणूस उभा आहे असं वाटतं. देवाची भांडी घासतो तसं चिंच-मीठ लावून घासू का? आणि शेतात कधी असं काही मिळालं तर ठेवता येतं का?


ताम्रपट:

चिंच, लिंबू, राख, काहीही लावू नका. हात जोडून सांगतो. ते काळंहिरवं किटण हेच नाण्याचं कातडं. दोन हजार वर्षांत वरचा थर बदललाय आणि अक्षरांचे बारकावे त्या थरातच आहेत. आंबट लागलं की किटणाबरोबर अक्षरंही जातात, खाली उरतो गुलाबी, खडबडीत तांब्याचा तुकडा. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, मऊ ब्रशने हलक्या हाताने काढा, आणि पूर्ण वाळवूनच ठेवा. एक लक्षण मात्र रोज बघा: फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी एखाद्या ठिकाणी सुटत असेल तर तो ब्राँझचा रोग. ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. ती भुकटी नाणं आतून खाते.

जमिनीत सापडलेल्या वस्तूला १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार असं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातला कुणी ‘पाठवून द्या, चांगली किंमत देतो’ म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

उभ्या माणसाच्या नाण्याचं वजन करून फोटो टाका. सोळा-सतरा ग्रॅम भरलं, उजव्या हाताखाली छोटी वेदी दिसली तर कुषाण असायची शक्यता चांगली.


रानजाई:

वजनावरून आठवलं. कनिष्कानंतरच्या हुविष्काच्या नाण्यांबद्दल काही लिहाल का? त्याच्याबद्दल मराठीत फार कमी मिळतं.


ताम्रपट:

हुविष्काचं तांबं माझ्या मते सगळ्यात बोलकं. पुढची बाजू आधीच्यांसारखी वेदीची नाही. कुठे राजा हत्तीवर, कुठे मांडी घालून बसलेला, कुठे पलंगावर आरामात रेललेला. इतकी विविधता कुठल्याही कुषाण राजाने दाखवलेली नाही.

त्याच्याच काळात वजन घसरतं. सुरुवातीला सोळा ग्रॅमच्या जवळ असलेलं नाणं दहाच्या आसपास येतं. इथे धर्मानंद नव्हे, दामोदर कोसंबींची आठवण काढायलाच हवी. गोव्यात जन्मलेल्या, पुण्यात शिकवणाऱ्या या गणितज्ञाने आहत नाणी, म्हणजे चिन्हांचे ठसे मारलेली जुनी नाणी, हजारोंनी तराजूवर घातली आणि हातोहात फिरताना नाणं किती झिजतं याचा हिशेब मांडला. ती चांदीची होती, पण पद्धत इथेही कामाची. झिजेने हलकं झालेलं नाणं ओळखता येतं, चित्र पुसट होतं, नाक-हात सपाट होतात. हुविष्काची हलकी नाणी तशी नाहीत. हत्तीची सोंड, राजाचा भाला सगळं टवटवीत आणि वजन मात्र कमी. म्हणजे टांकसाळीनेच धातू कमी घातला. भर म्हणून स्थानिक नकला निघाल्या, त्या आणखी हलक्या. सोन्याचं वजन त्याच काळात जवळपास टिकून होतं. महागाईचा, टंचाईचा जो काही भार होता, तो तांबं वापरणाऱ्या लोकांवर पडला.


कडुनिंब:

शेवटच्या वाक्यावर स्वतंत्र धागा होईल.

बुद्धाचं नाणं तांब्यातही आहे ना? बाजारात एकाने दाखवलं होतं, किंमत ऐकून परत ठेवलं.


उत्तरवाट:

ठेवलंत ते उत्तम. हो, कनिष्काच्या तांब्यावर दोन प्रकार. उभा शाक्यमुनी, उजवा हात अभय मुद्रेत, बाजूला ‘साकमनो बौदो’. आणि बसलेला मैत्रेय, ‘मेत्रगो बौदो’. सोन्यावरचा बुद्ध प्रसिद्ध आहे, पण तो मोजक्या लोकांच्या हाती गेला असेल. भाजी-धान्य घेताना लोकांच्या हातात आलेला बुद्ध हा तांब्यावरचा. शाक्यमुनी आणि मैत्रेय यांची नावं कोरलेली, निश्चित ओळखीची इतकी जुनी चित्रं फार कमी आहेत. म्हणून मागणी मोठी आणि म्हणून नकलाही याच प्रकाराच्या जास्त. साधा ओआदो किंवा ओएशो बनावट करण्यात कुणाला फायदा नाही.

ओळखायला: कडेवर ओतकामाची बारीक शिवण फिरते का बघा. पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे आहेत का बघा. अक्षरांच्या कडा वापरून झिजलेल्या साबणासारख्या गुळगुळीत असतील तर नाणं ठशाने पाडलेलं नाही, साच्यातून आलंय.


गोदाकाठ:

ही नाणी किती लांब पोचली याबद्दलही लिहा कुणीतरी. राज्य संपलं तिथे नाणं थांबत नाही.


ताम्रपट:

दोन टोकं सांगतो. वायव्येला ख्वारिज्म, अरल समुद्राच्या दक्षिणेला. तिथल्या राजांनी कुषाणांची तांब्याची नाणी घेतली आणि त्यांवर आपला इंग्रजी एस अक्षरासारखा तमगा ठोकून ती आपल्याकडे चालवली. जोगलटेंभीला सातकर्णीने चांदीवर जे केलं, तेच इथे तांब्यावर.

दुसरं टोक ओडिशा. पुरी, गंजाम, मयूरभंज, पलीकडे झारखंडात सिंहभूम, इथे ‘पुरी-कुषाण’ नाण्यांचे साठे मिळतात. कुषाण राजवटीशी संबंध नाही, काळही नंतरचा. बहुतेक साच्यात ओतलेली. वेदीजवळ उभा राजा आणि मागे देव, पण कोटाची घडी गेली, चेहरा गेला, लेख तर नाहीच, हातापायांच्या काड्या राहिल्यात. काहींवर मात्र ब्राह्मीत ‘टंक’ असं लिहिलंय. बॅक्ट्रियात युएचींनी हेलिओक्लीसचं जे केलं होतं, ते ओडिशात कुणीतरी कनिष्काचं केलं.

पाटीलवाडा, फोटोची वाट बघतोय. दोन्ही बाजू टाका, तिरक्या उजेडात, आणि शेजारी मोजपट्टी ठेवा.